काव्यास्वादाचे प्रारंभिक पाठ्यपुस्तक आणि विद्यार्थ्याचा कान

काव्याचा आस्वाद ही शिकविण्याची गोष्ट नव्हे, ती उपजत रसिकतेची देणगी होय, असे मानणारा एक पक्ष मराठीत दीर्घकाळ आहे. तथापि १८५४ साली परशुरामतात्या गोडबोले यांनी ‘नवनीत’ हा वेचा सिद्ध केल्यापासून मराठी विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांची कवितेशी औपचारिक ओळख झाली ती पाठ्यपुस्तकातूनच. तेव्हा आस्वाद शिकविता येतो की नाही, हा वाद बाजूस ठेवून पाठ्यपुस्तक प्रत्यक्षात काय शिकविते आणि कोणत्या क्रमाने शिकविते, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. कर्जत आणि खालापूर या रायगड जिल्ह्यातील घाटपायथ्याच्या दोन तालुक्यांचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. उल्हास, पेज आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांतील या मुलखात आगरी, ठाकरी व कातकरी या बोली प्रमाण मराठीच्या शेजारी नांदतात. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात मराठीच्या कोकणी शाखेचा विचार करताना या बोलींची नोंद झालेली आहे.

माध्यमिक शाळेच्या अखेरच्या वर्गांतील पाठ्यपुस्तकात ‘रसग्रहण’ या नावाखाली विद्यार्थ्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा केली जाते: कवितेचे आशयसौंदर्य, तिचे काव्यसौंदर्य आणि तिची भाषिक वैशिष्ट्ये. व्याकरणविभागात वृत्ते व अलंकार लक्षणांसह येतात. ही योजना टाकाऊ आहे असे नव्हे. परिभाषा नसेल तर ‘कविता फार आवडली’ या वाक्यापलीकडे विद्यार्थ्याची मजल जात नाही. केंब्रिजमध्ये रिचर्ड्स यांनी कवीचे नाव न सांगता विद्यार्थ्यांपुढे कविता ठेवल्या व त्यांचे अभिप्राय १९२९ च्या आपल्या ग्रंथात तपासले. सुशिक्षित वाचकही साधा अर्थ लावताना किती अडखळतो, हे त्यातून दिसून आले. सारांश, शिस्तीची गरज आहेच. आक्षेप आहे तो क्रमाविषयी. कविता ऐकू येण्यापूर्वीच ती तीन कप्प्यांत वाटून टाकावयाची असल्यामुळे तिसऱ्या कप्प्यात ‘साधी, सोपी, ओघवती भाषा’ हे विशेषणांचे गाठोडे ठेवून विद्यार्थी मोकळा होतो, आणि ते गाठोडे बाजारातील मार्गदर्शिकेत आयतेच मिळते.

या क्रमदोषाचे मूळ छंदःशिक्षणात पाहावयास मिळते. लघुगुरूचा नियम पाठ्यपुस्तक लेखनाच्या आधाराने सांगते: ऱ्हस्व स्वर लघु, दीर्घ स्वर गुरू, जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू. परंतु मराठीच्या उच्चारात इ-ई आणि उ-ऊ यांचे ऱ्हस्वदीर्घत्व बहुतांशी शब्दातील स्थानावरून ठरते; अर्थभेद करण्याचे काम ते क्वचितच करते. म्हणजे विद्यार्थ्याने मोजावयाचे ते त्याच्या कानाला जाणवतेच असे नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या, १९६२ साली मान्य झालेल्या व १९७२ साली भर पडलेल्या, लेखनविषयक नियमांनुसार अंत्य इकार-उकार दीर्घ लिहावयाचे असल्याने ‘कवि’चे ‘कवी’ आणि ‘गुरु’चे ‘गुरू’ झाले. वृत्तासाठी कवीला सवलत ठेवलेली आहे हे खरे. पण केवळ लेखनावर विसंबून गण पाडणाऱ्या विद्यार्थ्याला जुन्या कवितेतील ऱ्हस्व ‘कवि’ अशुद्ध वाटतो आणि शुद्ध केल्यास वृत्त मोडते. कानाने वाचणाऱ्यास हा पेच पडतच नाही. चालच त्याला उच्चार सांगते.

‘पुण्यात’ या शब्दाचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. ‘पुण्यात वाटा मिळणे’ यातील पहिल्या अक्षरावर जोडाक्षराचा आघात येतो व ते गुरू होते. ‘पुण्यात राहणे’ यातील तेच अक्षर आघाताअभावी लघु राहते. लेखन एकच, नियम एकच, उच्चार मात्र दोन. कर्जतचा वा खोपोलीचा मराठी बोलणारा मुलगा हा भेद शाळेत येण्यापूर्वीच अचूक पाळत असतो. त्याच्याजवळ असलेले हे ज्ञान जागे करून मग नियम सांगावा, की नियम सांगून शेवटी अपवाद म्हणून त्याचेच ज्ञान त्याला परत द्यावे? पाठ्यपुस्तक दुसरा मार्ग पत्करते. तसेच ‘घर’ हा शब्द बोलताना एकाच झटक्यात उच्चारला जातो. वृत्तात मात्र त्याची दोन अक्षरे पूर्ण उच्चारावी लागतात. पद्य म्हणून दाखविल्याखेरीज हा फरक समजत नाही. ‘नवनीता’च्या काळी श्लोक आधी मुखोद्गत होई व लक्षण मागाहून येई. त्या घोकंपट्टीचे दोष उघड आहेत. पण तिच्या क्रमात एक शहाणपण होते.

यमकाची गोष्ट अधिक नाजूक आहे. आगरी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘ल’, ‘ण’च्या जागी ‘न’ आणि स्वरांमधील ‘ड’च्या जागी पुष्कळदा ‘र’ येतो. ‘गाडी’ची ‘गारी’ होते. त्यामुळे ‘माळ’ आणि ‘चाल’, किंवा ‘गोडी’ आणि ‘दोरी’ ही प्रमाण मराठीत न जुळणारी जोडी आगरी कानाला निर्दोष यमक वाटते. असे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याचा कान बधिर नाही. तो दुसऱ्या ध्वनिव्यवस्थेत तयार झालेला आहे, आणि त्या व्यवस्थेत तो बरोबर आहे. शिक्षकाने येथे केवळ चूक दाखविली तर विद्यार्थी यमक शिकत नाही. आपल्या कानावर विश्वास ठेवू नये, एवढेच शिकतो. आणि ज्याचा कानावरील विश्वास गेला त्याला कवितेत उरते ते केवळ तात्पर्य.

पाठ्यपुस्तकाला बोलीचे वावडे आहे असेही म्हणता येत नाही. बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ साली अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली, आणि खानदेशी बोलीतील ती कविता पाठ्यपुस्तकात मानाने आली. परंतु तेथेही बोली शब्दार्थांच्या यादीत येते, नादाच्या चर्चेत येत नाही. शिवाय दूरची बोली काव्य ठरते आणि वर्गातील मुलाची बोली अशुद्धलेखन ठरते, ही विसंगती विद्यार्थ्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. पदव्युत्तर वर्गात तेराव्या शतकातील महदंबेचे ‘धवळे’ आद्य कवयित्रीची रचना म्हणून अभ्यासले जातात. आगरी लग्नात धवलारीण गाते त्या गीतांना ‘धवले’ म्हणतात. ‘ळ’ आणि ‘ल’ यांच्या भेदापलीकडे एकाच नावाचा हा धागा सातशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे, हे त्या विद्यार्थ्यास सांगितले जाते काय?

येथे एका अतिरेकापासून सावध राहणे आवश्यक आहे. घरी गाणे आहे म्हणून काव्यास्वाद आपोआप येतो, हे मत भाबडे होय. घाटमाथ्यावरील मुळशीपासून महाराष्ट्रभर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संगृहीत झाल्या. त्या ओव्या ऐकत वाढलेल्यालाही मर्ढेकरांच्या प्रतिमा उलगडण्यासाठी वेगळी तालीम लागेल. अनिलांच्या ‘भग्नमूर्ती’पासून (१९४०) दृढ झालेल्या मुक्तछंदात लय ओळीच्या मोजमापात नसून बोलण्याच्या वळणात असते, ती केवळ ओवीच्या कानाने पकडता येत नाही. परंतु ही पुढची पायरीही कानावरूनच चढावी लागते. संवाद, विरोध आणि समतोल ही मर्ढेकरांनी मांडलेली लयतत्त्वे ज्याने यमकाची ओढ व तिचा भंग कधी अनुभवला नाही, त्याला केवळ संज्ञा म्हणून पाठ करावी लागतात.

यास्तव प्रारंभिक पाठ्यपुस्तकाची मांडणी उलट दिशेने करणे इष्ट होय. प्रथम अक्षरसंख्येवर उभी राहणारी, लघुगुरूचा भेद न मानणारी रचना, म्हणजे ओवी व अभंग, मोठ्याने म्हणून घ्यावी. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त छंद, जाती व वृत्त असा जो विवेक केला त्यातील ‘छंद’ हीच स्वाभाविक पहिली पायरी आहे. त्यानंतर मात्रांच्या जाती, नंतर गणवृत्ते आणि अखेरीस मुक्तछंद यावा. यमकाच्या पाठात विद्यार्थ्यांकडून त्यांच्या बोलीतील जोड्या मागवून त्या फळ्यावर प्रमाण जोड्यांशेजारी मांडाव्यात. म्हणजे यमक भाषेच्या ध्वनिव्यवस्थेवर अवलंबून असते, हा सिद्धान्त न सांगताच सिद्ध होईल. ‘आशय’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा.

याला नवा निधी लागत नाही की नवी इमारत लागत नाही. शिक्षकाला कविता म्हणता यावी आणि समोरच्या मुलांची बोली ओळखता यावी, एवढेच लागते. पदव्युत्तर अभ्यासक्रमात छंदःशास्त्र एका दालनात आणि बोलीविज्ञान दुसऱ्या दालनात ठेवण्याची प्रथा आहे तोवर असा शिक्षक घडणे कठीण. शालेय पुस्तकातील दोषाचे उत्तरदायित्व म्हणून काही अंशी विद्यापीठीय विभागांकडेही येते.