गिअर, बॅटरी आणि जामीनदार

बँकेत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठलीही नवी वस्तू दाखवा, तो आधी किंमत विचारतो, मग तारण विचारतो, आणि ती वस्तू कशासाठी आहे हे सगळ्यात शेवटी विचारतो. म्हणून आमच्या मेहुण्याने, "दाजी, सायकलला इलेक्ट्रॉनिक गिअर बसवतोय. पतसंस्थेतून कर्ज काढतोय. तुम्ही फक्त जामीन राहा," असं सांगितलं, तेव्हा मला त्यातल्या 'फक्त'ची तेवढी काळजी वाटली. 'फक्त' हा शब्द रकमेच्या शेवटी लिहायचा असतो, जामीनदाराच्या आधी नव्हे.

सही नाकारली तर घरात बिनसाखरेचा चहा, आणि केली तर हप्ते थकण्याची टांगती तलवार. तेव्हा या गिअरची रीतसर छाननी करणं भाग पडलं. कर्जप्रकरणाची करतात तशीच.

आधी अर्जदाराचा व्यवसाय. मेहुणा ट्रायथलॉन करतो. म्हणजे आधी पोहायचं, मग अंग पुसायच्या आत सायकल मारायची, आणि सायकलवरून उतरल्यावर माणसं जिथे खुर्ची शोधतात तिथे पळायला लागायचं. यातली मोठी शर्यत म्हणजे आयर्नमॅन. ती १९७८ साली हवाईत सुरू झाली. पहिल्या वर्षी पंधराजण निघाले आणि बाराजण पोचले. जिंकणारा गॉर्डन हॅलर हा टॅक्सी चालवायचा. त्याला जवळजवळ बारा तास लागले. त्यातली एकशे ऐंशी किलोमीटर सायकल त्याने बॅटरीवाचून मारली, हे मी प्रकरणात आवर्जून नोंदवून ठेवलं. तिची अर्ध्या अंतराची आवृत्ती २०१९ साली गोव्यात मिरामारला झाली, आणि तेव्हापासून कोल्हापूर-पुण्याकडच्या बऱ्याच घरांतल्या रविवारच्या झोपा उडाल्या. मेहुण्याचं घर त्यातलंच.

आता वस्तू. ट्रायथलॉनची सायकल आपल्या सायकलीसारखी नसते. तिला दोन ठिकाणी हात ठेवता येतात. बाहेरच्या आडव्या दांडीवर ब्रेक असतात. मधून पुढे निघालेल्या दोन दांड्यांवर कोपरं टेकून, नमस्कार घालायला निघाल्यासारखं ओणवं व्हायचं. त्याने वारा कमी लागतो. हे थोतांड नाही. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड पन्नास सेकंद मागे होता. असल्याच दांड्यांवर ओणवा होऊन साडेचोवीस किलोमीटर गेला आणि अख्खी शर्यत आठ सेकंदांनी जिंकला. तीन आठवड्यांच्या शर्यतीत आठ सेकंद! आमच्याकडे टोकन घेऊन खिडकीशी येईपर्यंत गिऱ्हाईक याहून जास्त वेळ घेतं.

गोम आहे ती पुढेच. तारेच्या गिअरच्या खटक्या त्या पुढच्या दांड्यांच्या टोकाला असतात. ओणवं असेपर्यंत ठीक. पण वळण आलं, चढ आला, कुत्रं आडवं आलं, की हात बाहेरच्या दांडीवर ब्रेकपाशी येतात, आणि गिअर राहतो हातभर पुढे. म्हणजे ऐन चढावर, ज्या क्षणी हँडल दोन्ही हातांनी धरावंसं वाटतं, त्याच क्षणी एक हात सोडून पुढे न्यायचा. विजेच्या गिअरला बटणं दोन्ही ठिकाणी बसवता येतात. बटण दाबलं की मागच्या यंत्रातली छोटी मोटर चेन मोजून तेवढीच सरकवते. त्याचा एवढा एकच मुद्दा मला जामीन राहण्याच्या लायकीचा वाटला.

बाकीचे मुद्दे माहितीपत्रकातले. 'गिअर झटकन पडतो.' पडत असेल. पण तो वाचलेला क्षण पुढे पाण्याची बाटली काढताना खर्च होतोच. 'तार ताणायची कटकट नाही.' हे मात्र खरं. या सायकलींत तारा सांगाड्याच्या पोटातून वळणं घेत जातात, घाम आणि सरबत त्यांच्यावर ठिबकतं, आणि खटका जड होतो. पण त्यावर जुना इलाज आहे. तार आणि तिची बाहेरची नळी नवी घाला. हा खर्च हजारांत मोजतात. विजेच्या गिअरचा आकडा लाखात जातो, कारण नुसतं बटण येत नाही. मागचं यंत्र येतं, पुढचं येतं, बॅटरी येते, आणि पुष्कळदा मागच्या चाकाच्या चकत्या आणि चेनही त्यांच्या वऱ्हाडात येतात.

विरोधी पक्षाचंही मी सगळंच ऐकून घेतलं नाही. 'वाटेत बॅटरी संपली तर?' हा प्रश्न ज्याला त्याला सुचतो. ती महिन्यातून एखाद्या वेळी चार्ज केली तरी पुष्कळांचं भागतं, आणि शिमानोच्या यंत्रात चार्ज संपत आला की आधी पुढचा गिअर बंद पडतो, म्हणजे नोटीस मिळते. थकलेले खातेदारही इतकी सभ्यता दाखवत नाहीत. २०२४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी बिनतारी गिअरचा संदेश हवेतून पकडून दुसऱ्याचा गिअर बदलून दाखवला. कंपनीने त्यावर दुरुस्ती काढली. तसंही, मेहुण्याला मागे टाकण्यासाठी कोणी एवढी यंत्रसामग्री घेऊन यावं, असा त्याचा वेग नाही.

आणि गिअरला नाकं मुरडण्याची परंपराही जुनी आहे. टूर द फ्रान्स सुरू करणारे आँरी देग्रांज यांचं १९०२ साली मत होतं की गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी. चेन सरकवणारा गिअर त्या शर्यतीत यायला १९३७ उजाडावं लागलं. मला पंचेचाळीस पुरी व्हायला अजून दीड वर्ष आहे, तेव्हा मी त्यांच्या बाजूने बोलणं अप्पलपोटेपणाचं दिसेल.

शेवटी मी मेहुण्याला रोजकीर्द ठेवायला लावली. सायकलवर असताना 'गिअर बदलायचाय पण हात भलतीकडे आहे' असं किती वेळा झालं, ते मोजायचं. पहिल्या रविवारी हायवेच्या सपाट रस्त्यावर आकडा आला चार. दुसऱ्या रविवारी पन्हाळ्याच्या चढाला बत्तीस. आठ पट! पेढीच्या भाषेत सांगायचं तर मालाला उठाव आहे, पण गाव बघून.

म्हणून माझा अभिप्राय असा. नवी सायकलच घ्यायची असेल आणि पैसे हातात असतील, तर विजेचा गिअर जरूर घ्या. दोन ठिकाणची बटणं ही चैन नाही. चढावर आणि वळणावर दोन्ही हात हँडलवर राहतात, ही साधी सुरक्षितता आहे. जुनी सायकल असेल, घाट रोजचा असेल, आणि आवर्ती ठेव पिकली असेल, तरीही हरकत नाही. पण जुनी सायकल, सपाट रस्ता आणि उसने पैसे ही तिन्ही एकत्र आली, तर तार आणि नळी बदलून घ्यावी, घाट लागायच्या आधीच गिअर टाकायची सवय करावी, आणि उरलेल्या पैशांत पोहण्याचा मास्तर लावावा. मेहुणा समुद्रात जे करतो त्याला तो पोहणं म्हणतो. किनाऱ्यावरचे लोक जीवरक्षकाला हाक मारतात. तिथे जाणारी मिनिटं कुठल्याही मोटरने परत येत नाहीत.

शिवाय घसारा बघा. २०२१ साली शिमानोचा वरच्या दर्जाचा विजेचा गिअर अकरा चकत्यांवरून बारावर गेला, आणि नव्या-जुन्याची यंत्रं एकमेकांत चालेनाशी झाली. कर्ज तीन वर्षांचं आणि वस्तू दोन वर्षांत जुनी, हा हिशेब आमच्या शिपायालाही कळतो.

तेव्हा कागदावर शेरा मारला आहे : वस्तू मंजूर, कर्ज नामंजूर. अर्जदाराने दरमहा रक्कम बाजूला टाकावी. तिच्यावर मिळणारं व्याज थोडं असलं, तरी ते आपल्याला मिळतं, आपण भरत नाही. चहा बिनसाखरेचा येतोय. पण या वयात डॉक्टरही तोच सांगतात.