ऐंशी-वीस, चारशे, चाळीस बाय चाळीस

मायक्रोफायबरच्या स्वस्त फडक्याला एक कागदी पट्टी गुंडाळलेली असते. तिच्यावर एका चकाकत्या गाडीचं चित्र, चार-पाच विशेषणं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत तीन आकडे: ८०/२०, ४०० जीएसएम, ४० × ४० सेंमी. विशेषणं सोडून द्यावीत, ती सगळ्याच पट्ट्यांवर सारखी असतात. आकडे मात्र सावकाश वाचावेत. इतक्या कमी जागेत इतकं सांगणारा, आणि नेमकं महत्त्वाचं तेवढं न सांगणारा मजकूर क्वचितच वाट्याला येतो.

पहिला आकडा धाग्याची जात सांगतो. शंभरातले ऐंशी भाग पॉलिएस्टर, वीस भाग पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉन. दोन्ही प्लास्टिकच. मग हे फडकं पाणी टिपतं कसं? पॉलिएस्टर स्वतः पाणी जवळजवळ घेतच नाही, नायलॉन थोडंसं घेतं. खरी गंमत आहे ती धाग्याच्या आकारात. हे दोन पदार्थ वितळवून एकाच छिद्रातून एकत्र ओढले जातात. असा धागा आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आडव्या कापलेल्या संत्र्यासारखा दिसतो: फोडी पॉलिएस्टरच्या, मधले पडदे नायलॉनचे. कापड विणून झालं की रसायन आणि उष्णता देऊन या फोडी एकमेकींपासून सोडवतात. एका गोल, गुळगुळीत धाग्याचे अनेक तिकोनी, धारेचे तंतू होतात आणि त्यांच्यामधल्या फटींत केशाकर्षणाने पाणी खेचलं जातं. पाणी तंतूच्या पोटात शिरत नाही, दोन तंतूंच्या मध्ये बसतं. म्हणून तर पिळल्याबरोबर हे फडकं पुन्हा कामाला तयार होतं.

बारीकपणा किती म्हणाल, तर ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर, आणि ज्याचं हे वजन एकाहून कमी भरतं तो मायक्रोफायबर. सीएसएमटीपासून दादरपर्यंत एकच तंतू ताणला, तरी तो एक ग्रॅमही भरायचा नाही. रेशमाचा तंतू साधारण एक डेनिअरचा असतो, हा त्याच्याही खालचा. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० साली असे अतिसूक्ष्म तंतू काढून दाखवले, तेव्हा गाडी पुसायचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. त्यांना हवं होतं ते मऊ कातड्यासारखं कापड. एका पदार्थाच्या 'समुद्रात' दुसऱ्याची 'बेटं' ठेवून धागा ओढायचा आणि मग समुद्र विरघळवून टाकायचा, अशी ती रीत होती. फडक्यांसाठी पुढे रुळली ती मुख्यतः फोडी सुट्या करण्याची रीत.

आता पट्टी काय सांगत नाही ते पाहू. फोडी सुट्या झाल्या की नाही, हे ती सांगत नाही. हे काम खर्चाचं असतं. ते अर्धवट सोडलेलं किंवा मुळीच न केलेलं फडकंही 'मायक्रोफायबर' म्हणून विकलं जातं आणि त्याच्यावरही ८०/२० छापता येतं, ते खोटंही नसतं. याची परीक्षा दुकानात उभ्याउभ्या होते. कोरड्या तळव्यावरून फडकं हलकेच ओढायचं. फोडी सुटलेल्या असतील तर ते कातडीच्या बारीक भेगांत अडकत, किंचित कुरकुरत पुढे जातं. काहींना त्या स्पर्शाने अंगावर काटा येतो, आणि ती चांगली खूण आहे. फडकं सुळकन घसरलं तर पाकीट परत ठेवावं. घरी आणल्यावर दुसरी परीक्षा: स्टीलच्या ताटात चमचाभर पाणी सांडून त्यावरून फडकं न दाबता ओढायचं. चांगलं फडकं पाणी उचलून नेतं. वाईट फडकं पाण्याला पुढे ढकलत नेतं आणि मागे ओली रेघ सोडतं.

काही महागड्या फडक्यांवर ७०/३० असतं. नायलॉन जास्त म्हणून ते अधिक मऊ आणि अधिक टिपणारं, असं विकणारे सांगतात. माझं मत असं की धागा नीट सुटलेला असेल तर या दहा टक्क्यांसाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. विणीचा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो.

दुसरा आकडा सगळ्यात रसाळ, कारण तो घरच्या घरी तपासता येतो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ४० × ४० सेंमीचं फडकं म्हणजे ०.१६ चौरस मीटर. ४०० ला ०.१६ ने गुणलं की ६४. म्हणजे स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे फडकं ६४ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, काठाच्या शिवणीचे एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे. काटा ४८ दाखवत असेल, तर तुमच्या हातात ३०० जीएसएमचं फडकं आहे, पट्टी काहीही म्हणो. ऑनलाइन दुकानात विक्रेत्याने पाकिटाचं वजन दिलं असेल तर पैसे देण्याआधीच हा हिशेब मांडता येतो. याच मापाच्या चार फडक्यांचं '८०० जीएसएम' पाकीट ५०० ग्रॅमच्या वर गेलंच पाहिजे. तीनशे ग्रॅमच लिहिलं असेल, तर पुढचं वर्णन वाचायची तसदी घेऊ नये.

पण जास्त जीएसएम म्हणजे चांगलं फडकं, हा या मजकुराचा सगळ्यात प्रचलित चुकीचा अर्थ. जाड, लांब लवेचं फडकं काचेवर फिरवून पाहा. ओलाव्याचे पट्टे मागे राहतात आणि काच होती त्याहून धुरकट दिसते. काचेला आखूड लवेचं किंवा चौकड्या पडलेल्या विणीचं, ज्याला वॅफल म्हणतात ते, पातळ फडकंच लागतं. डॅशबोर्डला, दारांच्या आतल्या बाजूला २०० ते ३०० पुरतं. वॅक्स उतरवायला साडेतीनशेच्या आसपासचं, एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला लांब लव असलेलं बरं: आखूड बाजूने उतरवायचं, लांब बाजूने शेवटचा हात फिरवायचा. सिरॅमिक कोटिंग करणाऱ्यांचा हिशेब तर उलटाच असतो. ते लेप पुसून काढायला मुद्दाम स्वस्तातलं, आखूड लवेचं फडकं घेतात, कारण तो लेप फडक्यातच वाळून कडक होतो आणि ते फडकं पुन्हा रंगाला लावता येत नाही.

हे सगळं कशासाठी, असं विचारणाऱ्याने भर दुपारी काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बोनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पाहावं. त्याच्याभोवती कोळ्याने जाळं विणावं तसे गोल चरे दिसतात. खरं तर ते गोल नसतात, सगळ्या दिशांनी गेलेले असतात. त्यातले प्रकाशाला आडवे येणारे तेवढे चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसतं. रंगावरचा पारदर्शक थर माणसाच्या केसाहून पातळ, आणि वाळूतलं क्वार्ट्झ साध्या पोलादाहून कठीण. चरे फडक्याने पडत नाहीत, फडक्यात अडकलेल्या कणाने पडतात. आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहाटे एक बादली आणि एक फडकं घेऊन अख्खी रांग पुसली जाते. दहाव्या गाडीपर्यंत त्या बादलीत आधीच्या नऊ गाड्यांची धूळ आणि शेजारच्या बांधकामाची वाळू साचलेली असते. दोष पुसणाऱ्याचा नाही. महिन्याच्या ज्या पैशांत तो हे काम करतो, त्यात त्याने दर गाडीला नवं पाणी आणि नवं फडकं घ्यावं ही अपेक्षाच अन्यायाची. मालकाने आपल्या गाडीपुरती दोन फडकी काढून दिली तरी बराच फरक पडतो.

म्हणून तिसरा आकडा, ४० × ४०. नुसतं माप, म्हणून वाचणारा तो गाळून पुढे जातो. हे फडकं दोनदा दुमडलं की वीस सेंटिमीटरचा चौकोन होतो, तळहाताला बरोबर पुरणारा, आणि उलटसुलट करत गेलं की एकामागून एक आठ स्वच्छ बाजू मिळतात. बोनेटला एक, छताला एक, दारांना उरलेल्या. एक बाजू मळली की ती परत रंगाला लावायची नाही. माझ्या मते स्वस्ताईचं गणित सुटतं ते इथेच. एक उंची फडकं घेऊन ते पुरवून वापरण्यापेक्षा साधी डझनभर असणं रंगाच्या हिताचं. अमेरिकेतल्या मराठी घरांच्या गॅरेजात कॉस्टकोचं छत्तीस पिवळ्या फडक्यांचं गठ्ठ्याचं पाकीट हमखास दिसतं. गाडीच्या हौशी मंडळींत त्यांना 'उत्तम' कुणी म्हणत नाही, पण ती हाताशी नाहीत असा माणूसही सापडणं कठीण.

काठाबद्दल पट्टीवर अवाक्षर नसतं. बोटांनी चाचपावा. दाट ओव्हरलॉक केलेला काठ कापडापेक्षा कडक लागतो आणि दाबून पुसताना तोच आधी रंगावर घासतो. शिवणीशिवाय, नुसता उष्णतेने कापून बंद केलेला काठ बरा, आणि बऱ्याचदा तोच स्वस्तही असतो. शिवलेलं लेबल असेल तर पहिल्याच दिवशी उसवून काढावं.

पैसे खर्चावेत ते एकाच ठिकाणी: गाडी कोरडी करायच्या मोठ्या टॉवेलवर. आपल्या गावांत हे निव्वळ हौसेचं नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी उन्हात आपसूक वाळू दिलं की त्यातला चुना थेंबाच्या आकाराने रंगावर बसतो आणि मग साबणानेही निघत नाही. ६० × ९० सेंमीचा, पीळ दिलेल्या लांब फाशांचा टॉवेल घ्यावा. हजार जीएसएमचा असेल तर कोरडाच अर्ध्या किलोहून जड भरतो. तो घासायचा नसतो. बोनेटवर पसरायचा, क्षणभर बसू द्यायचा आणि दोन कोपरे धरून आपल्याकडे ओढायचा. गाडीवर साचलेलं पाणी खालच्या पत्र्यावर एकही थेंब न सोडता नाहीसं होताना पाहण्यात जो आनंद आहे, तो ज्याने घेतला त्यालाच कळेल. सोलापूरचा टर्किश टॉवेल अंगाला कितीही प्रिय असला, तरी जड पाण्यात धुऊन धुऊन त्याचे सुती फासे कडक होतात. जुन्या बनियनची शिवण तर विचारूच नका.

धुलाईत मात्र या फडक्यांचे फार नखरे नाहीत. वापरण्याआधी एकदा धुवावीत, सुटे तंतू निघून जातात. सुती कपड्यांबरोबर टाकली की त्यांचा सगळा कचरा हीच गोळा करतात, म्हणून वेगळी. पातळ साबण, तोही थोडा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव अजिबात नको, ते तंतूंच्या फटी लिंपून टाकतं आणि फडकं पाणी ढकलायला लागतं. उकळतं पाणी आणि इस्त्री नको, शेवटी ते प्लास्टिक आहे. प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू गटारात आणि पुढे नदीत जातात, हेही खरं. पट्टीवर तेही नसतं.

जमिनीवर पडलेलं फडकं झटकून पुन्हा रंगाला लावू नये. त्याची तिथून बदली होते: आधी दारांच्या कडांना, मग चाकांच्या रिमला, मग टायरला. शेवटी सायकलच्या चेनचं तेल पुसलं, की ते धुण्यात टाकू नये, बाकीच्यांना तेल लागतं.