नकाशाचे वाङ्मय

दिवाळी अंकांतून कथा-कवितांची परीक्षणे दरवर्षी येतात. नकाशाचे परीक्षण कोणी लिहीत नाही. वास्तविक भारतीय सर्वेक्षण खात्याचे हिमालयाचे नकाशे हेही एक वाङ्मयच आहे आणि त्याचे गुणदोष पाहता येतात.

ढाणकीच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने पायारेषा मोजली. तिच्यावर रचलेली त्रिकोणांची माळ आपल्या विदर्भातूनच उत्तरेस गेली. १८२३ साली लॅम्बटन हिंगणघाटास वारला. त्याची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ती माळ १८४१ पर्यंत डेहराडूनला भिडवली आणि तिच्या आधाराने हिमशिखरे मोजली गेली.

या वाङ्मयाचा मोठा गुण संयम हा होय. नेपाळात मज्जाव होता, म्हणून शंभर मैलांहून दूर राहून कोन घेतले. राधानाथ शिकदारांसारख्या गणित्यांनी आकडेमोड केली आणि १८५६ साली सर्वोच्च शिखराची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. २०२० साली ती ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट ठरली. फरक अवघा तीस फुटांचा! काराकोरममध्ये माँटगोमेरीने शिखरांना नुसते 'के १', 'के २' असे आकडे दिले. पहिल्याचे माशेरब्रुम हे स्थानिक नाव कळताच तेच कायम केले. दुसऱ्याचा आकडा तसाच राहिला. माहीत नाही तेथे अलंकार घालू नये, हा धडा आम्हां लेखकांनीही घ्यावा.

पण हाच संयम १८६५ साली सुटला. तिबेटी लोक ज्याला चोमोलुंग्मा म्हणत, त्या शिखराला एव्हरेस्टचे नाव दिले गेले. खुद्द एव्हरेस्टलाही ते पसंत नव्हते.

दुसरा दोष अधिक खोल आहे. या नकाशांत हिमनद्या आहेत, खिंडी आहेत, माणूस नाही. मिलम हिमनदीच्या पायथ्याचा नैनसिंग रावत हा शाळामास्तर शंभर मण्यांची माळ ओढीत, पावले मोजीत ल्हासापर्यंत गेला. १८७७ साली लंडनच्या भूगोल संस्थेने त्याला सुवर्णपदक दिले. नकाशात मात्र त्याच्या पावलांची एक बारीक रेघ तेवढी उरली.

मिलमची ती हिमनदीही आता पुष्कळ मागे हटली आहे. बर्फ कोठवर होते, हे जुना नकाशा सांगेल. ते मोजताना कोणाचे पाय फुटले, हे मात्र कादंबरीनेच सांगावे लागेल. आणि मराठीत ती अजून लिहायची आहे, असे मला वाटते.