कॉर्व्हेट की फ्रिगेट?

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत लढाऊ जहाजांचा एक तक्ता अनेकदा आढळतो. सर्वांत लहान मिसाईल बोट, मग कॉर्व्हेट, मग फ्रिगेट आणि वर डिस्ट्रॉयर. प्रत्येकीपुढे वजनाचा आकडा. तक्ता पाठ करायला सोपा आहे. पण ही नावे म्हणजे वजनाची मापे नव्हेत, हे त्यात कुठेच सांगितलेले नसते. आमचा आक्षेप नेमका यालाच आहे.

डिस्ट्रॉयरचेच पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉर्पेडो सोडणाऱ्या छोट्या, वेगवान बोटींनी मोठ्या युद्धनौकांना धाक घातला. त्यांचा समाचार घेण्यासाठी ब्रिटिश नौदलाने ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’ बांधल्या. १८९३ साली पाण्यात उतरलेली ‘हॅवॉक’ सुमारे अडीचशे टनांची होती. मुंबईत माझगाव गोदीत बांधलेली, २०२१ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘विशाखापट्टणम’ ७४०० टनांची आहे. तीही डिस्ट्रॉयरच! नाव तेच राहिले, वजन जवळजवळ तीसपट झाले.

लहान जहाजांच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने बुडवलेली ‘खुकरी’ ही फ्रिगेट होती. पाणबुड्यांचा शोध घेणे हे तिचे मुख्य काम. तेच नाव घेऊन १९८९ मध्ये दाखल झालेली आणि २०२१ मध्ये निवृत्त झालेली दुसरी ‘खुकरी’ मात्र क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट होती. दोघींच्या वजनात फार अंतर नव्हते. निव्वळ वजनाचा तक्ता लावला तर पहिलीही कॉर्व्हेट ठरेल. आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक जिच्यासोबत गेले, त्या जहाजाची ओळखच आपण मुलांना चुकीची सांगू. उलट २०१४ मध्ये दाखल झालेली ‘कामोर्ता’ तीन हजार टनांहून जड असूनही कॉर्व्हेटच म्हणवते.

भरीला ‘क्लास’ हा शब्द आहे. ‘कामोर्ता क्लास’ म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेली जहाजे. कॉर्व्हेट हा त्यांचा प्रकार. मराठीत दोन्हींना ‘वर्ग’ म्हटल्याने गोंधळ वाढतो. आराखड्यासाठी ‘वर्ग’ आणि कामासाठी ‘प्रकार’ असा भेद पाळावा, असे आम्ही सुचवतो.

विज्ञानात वर्गीकरणाची कसोटी आधी ठरते, नाव मागून येते. इथे नाव नौदल ठेवते; त्यात काम, काळ आणि परंपरा मिसळलेल्या असतात. म्हणून जहाज कोणत्या नौदलाचे, कोणत्या सालचे आणि कोणत्या कामाचे, हे शिक्षकांनी आधी विचारावे. वजन त्यानंतर.