‘नासिरेमा’चा निवेदक

होरेस मायनर यांचा ‘नासिरेमा’ जमातीच्या देहविधींवरील लेख १९५६ साली ‘अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिस्ट’मध्ये प्रसिद्ध झाला. हे नाव रोमन लिपीत उलटे वाचताच जमात अमेरिकनांची ठरते. औषधांचे कपाट ‘मंत्रपेटी’ का, दंतवैद्य ‘पवित्र मुखपुरुष’ का, हेही उलगडते. बहुतेक वाचने (वर्गातली तर हमखास) या हशापाशीच थांबतात. वस्तुतः उपहासाचा रोख दात घासण्यावर नसून निवेदकाच्या परिभाषेवर आहे. ब्रशला डुकराच्या केसांची जुडी म्हणताना निवेदक त्या वस्तूचा हेतू तेवढा वगळतो. श्क्लोव्हस्कींच्या अपरिचितीकरणाने वस्तू नव्याने दिसते. येथे ती दिसेनाशी होऊन वर्णनाची भाषाच दृश्यमान होते. अमेरिकन वाचकापाशी हे वर्णन पडताळण्यासाठी निदान स्वतःचा ब्रश होता. ज्या जमातींविषयी हीच भाषा गांभीर्याने वापरली गेली, त्यांच्यापर्यंत बहुधा ती वर्णने पोहोचलीच नाहीत.