पवनचक्की आणि आजार : तुलना कोणाशी?

पवनचक्क्या आल्या, पाऊस गेला. म्हणजे त्यांनीच ढग पळवले, अशी समजूत दुष्काळात सातारा-सांगलीकडे पसरली होती. नीना पिअरपाँट यांच्या 'विंड टर्बाइन सिंड्रोम' (२००९) या पुस्तकाचा तर्कही त्याच वळणाचा आहे. डॉक्टर असलेल्या लेखिकेने १० कुटुंबांतील ३८ जणांची निद्रानाश, चक्कर, डोकेदुखी यांची हकिगत आस्थेने नोंदवली. पण कुटुंबे निवडली ती त्रासलेलीच. न त्रासलेल्या शेजाऱ्यांशी तुलना नाही. मग कारण पवनचक्कीच, हे कशावरून? कॅनडाच्या आरोग्य खात्याने १,२३८ प्रौढांची पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. आवाजाबरोबर वैताग वाढलेला दिसला. आजार वा निद्रानाश नव्हे. वैतागही खराच, म्हणून वस्तीपासून अंतर हवेच. पुस्तक वर्गात जरूर न्यावे. मात्र 'तुलना कोणाशी?' हा प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारू द्यावा.