पडद्यावरचें जुनें टेनिस

टेनिसच्या जुन्या सामन्यांचीं चलच्चित्रें पाहणें हा हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून आवडता विरंगुळा होऊन बसला आहे. एके काळीं जीं चित्रें वृत्तपट काढणाऱ्या मंडळ्यांच्या कपाटांत धूळ खात पडलीं होतीं, तीं आतां रात्रीचें जेवण आटोपल्यावर कोणाही गृहस्थास घरच्या घरीं पाहतां येतात. लेंग्लेन, टिल्डन, बज, लेव्हर, रोजवॉल, बोर्ग अशी विजेत्यांची मालिकाच्या मालिका डोळ्यांपुढून सरकते, आणि पाहणारांचे बहुधा दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, खरें टेनिस तें हेंच, मागाहून उरली ती नुसती हाणामारी. दुसरा म्हणतो, हे संथ लोक आजच्या एखाद्या होतकरू पोरापुढें दोन गेमही टिकले नसते. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चित्र नीट न पाहतांच निकाल देऊन मोकळे होतात. जुनें चित्र हा साक्षीदार आहे खरा. पण कोणत्याही साक्षीदाराप्रमाणें त्याचीही उलटतपासणी करावी लागते.

प्रथम मूकपटांच्या काळांतील तुकडे घेऊं. त्या वेळीं कॅमेऱ्याची मूठ पुष्कळदां हातानें फिरवीत, आणि सेकंदास सोळा-अठरा चित्रें घेतलीं जात. तींच पुढें चोवीस चित्रांच्या गतीनें दाखविलीं म्हणजे माणसें कळसूत्री बाहुल्यांप्रमाणें तुरुतुरु धांवूं लागतात. आमच्या वर्गांतील मुलें हें पाहून हंसतात. हंसोत बापडीं, पण तें हंसें यंत्राच्या वांट्याचें आहे, खेळाडूच्या नव्हे. शिवाय चेंडू पांढरा असल्यामुळें उन्हाच्या चकाकींत तो मधूनच नाहींसा होतो. (पिंवळ्या चेंडूस नियमाची मान्यता मिळाली ती १९७२ सालीं, आणि विंबल्डननें तो स्वीकारला १९८६ सालीं.) फीत महाग, तेव्हां वृत्तपटवाल्यानें एखादा फटका, टाळ्या वाजविणारी गर्दी व शेवटचें हस्तांदोलन एवढेंच टिपावें आणि चालूं लागावें, हा त्या काळचा परिपाठ होता.

नियमांचेंही तसेंच. जुना खेळाडू सर्व्हिस करतांना जमिनीस खिळल्यासारखा दिसतो, उडी म्हणून घेत नाहीं. याचें कारण आळस नव्हे. चेंडू मारीपर्यंत एक पाय जमिनीस टेकलेला असलाच पाहिजे, असा नियम १९६० च्या सुमारापर्यंत होता. हातांतलें रॅकेट लांकडी व जड, त्याची जाळी आजच्या रॅकेटच्या मानानें बरीच लहान; चेंडू जाळीच्या नेमक्या मध्यावर न बसला तर हातास हिसका बसून फटका वायां जाई. खालीं हिरवळ, तीवरून चेंडू उसळण्याऐवजीं घसरत यावयाचा. अशा स्थितींत मागें उभें राहून तासभर चेंडू हाणीत बसणें हें शौर्याचें नव्हे, मूर्खपणाचें ठरलें असतें. जाळ्याकडे धांव घेणें हीच तेथें अक्कल. एवढें ध्यानीं घेतलें म्हणजे 'संथ' हा शब्द वापरण्यापूर्वीं माणूस थोडा थबकेल.

या तुकड्यांतला आमच्या विशेष आवडीचा म्हणजे कान येथील सामन्याचा. १६ फेब्रुवारी १९२६ रोजीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील या गांवीं, कार्लटन क्लबच्या मैदानावर, सुझान लेंग्लेन व अमेरिकेची हेलन विल्स यांची गांठ पडली. एकेरी सामन्यांत या दोघी समोरासमोर आल्या त्या जन्मांत ही एकदांच. लेंग्लेन सव्वीस वर्षांची, विल्स वीस. ज्यांस आंत जागा मिळाली नाहीं ते लोक झाडांवर व आसपासच्या छपरांवर चढून बसले होते. लेंग्लेनचें वर्णन करतांना लोक 'नर्तकी' हा शब्द सवयीनें वापरतात. आम्हांस तो पुरा पटत नाहीं. नर्तकीचें पाऊल तालासाठीं पडतें. हिचें पाऊल चेंडूसाठीं पडतें, आणि तें इतक्या वेळेवर पडतें कीं त्यालाच ताल आल्यासारखा भासतो. डोक्यास पट्टी, अंगांत आंखूड बाह्यांचा झगा, आणि उडी अशी कीं उतरतांना ती पुढच्या फटक्याच्या तयारींतच उतरते. समोर विल्स: डोळ्यांवर पांढऱ्या टोपीची झडप, चेहऱ्यावर रेषा हालत नाहीं. दोन स्वभावांचें असें चित्र एखाद्या नाटककारास दहा पानें लिहूनही साधेलच असें नाहीं.

पण याच सामन्यानें मूकपटाची मर्यादाही उघडी पाडली. पहिला सेट लेंग्लेननें ६-३ असा घेतला. दुसऱ्या सेटमध्यें ती ६-५ अशी पुढें असतां सामन्याच्या शेवटच्या गुणावर विल्सचा एक फटका रेषेपाशीं पडला, आणि कोणीतरी 'आऊट' म्हणून ओरडलें. दोघी जाळ्यापाशीं आल्या, हातांत हात दिले गेले, लोक मैदानांत शिरले. इतक्यांत रेषेवरच्या पंचानें पुढें होऊन सांगितलें कीं ओरडलों तो मी नव्हे. चेंडू आंत पडला होता. जिंकलेला सामना पुन्हां खेळावा लागला. लेंग्लेननें तो गेम गमावला, आणि अखेर ८-६ असा सेट घेऊन ती विजयी झाली. आतां पाहा: या सगळ्या नाट्याचा कणा म्हणजे एक आवाज, आणि नेमका आवाजच मूकपटांत नाहीं! चित्र आपल्यास हातांत दिलेले हात दाखवील. ते हात कां दिले गेले हें तें सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं त्या वेळच्या बातमीदाराकडेच जावें लागतें. जुन्या चित्राशेजारीं जुनें लिखाण ठेवावेंच लागतें, असा आमचा आग्रह आहे तो यासाठीं.

वाचकांपैकीं संगीताचे रसिक येथें अब्दुल करीम खांसाहेबांच्या तबकड्यांचा दाखला देतील. तीन मिनिटांच्या त्या तबकड्यांवरून रात्रभराच्या बैठकीची कल्पना येत नाहीं काय? कांहीं अंशीं येते. पण उपमा शेवटपर्यंत जात नाहीं. तबकडीपुढें बसलेल्या गवयास आपल्या हातीं तीनच मिनिटें आहेत हें ठाऊक असतें, व तेवढ्यांत तो रागाचें रूप बांधतो. टेनिस खेळणारा वृत्तपटासाठीं खेळत नसतो. त्याचा सामना अडीच-तीन तासांचा. त्यांतून उचललेलीं तीन मिनिटें हें कातरलेलें कापड होय, मग तें कितीही भरजरी असो.

हा कातरण्याचा दोष मूकपटांपुरताच असता तर आम्ही तो काळाच्या माथीं मारून स्वस्थ बसलों असतों. पुढच्या काळांतील सामने साद्यंत उपलब्ध असतांही रसिक वेंचेच पाहतो, ही खरी तक्रार. १९८० सालच्या विंबल्डनच्या अंतिम सामन्याचें उदाहरण घ्या. त्यांतला चौथ्या सेटचा टायब्रेक, मॅकेन्रोनें १८-१६ असा जिंकलेला, न पाहिलेला टेनिसप्रेमी विरळा. चौतीस गुणांचा तो झगडा अपूर्व आहे यांत संशय नाहीं. पण तेवढाच पाहणाऱ्याच्या मनांत विजेता म्हणून मॅकेन्रो राहतो. आणि सामना तर बोर्गनें जिंकला, पांचवा सेट ८-६ असा घेऊन. इतके विजयाचे क्षण हातांतून निसटल्यावर जो मनुष्य खुर्चीवरून उठून पांचव्या सेटमध्यें आपल्या सर्व्हिसवर प्रतिस्पर्ध्यास जवळजवळ कांहींच मिळूं देत नाहीं, त्याचें मोठेपण वेंच्यांत येत नाहीं, कारण त्यांत 'पाहण्यासारखें' कांहीं घडत नाहीं.

याहून बोलका दाखला १९७५ सालचा. आर्थर अ‍ॅश व जिमी कॉनर्स यांचा विंबल्डनचा अंतिम सामना ज्यांनीं आरंभापासून शेवटपर्यंत पाहिला नसेल, त्यांनीं एक दुपार मोकळी काढून तो पाहावा. कॉनर्स बावीस वर्षांचा, आदल्या वर्षींचा विजेता. अ‍ॅश बत्तिशीस टेकलेला, आणि कॉनर्सशीं झालेल्या आधींच्या तिन्ही सामन्यांत हरलेला. कॉनर्सची शक्ति उसन्या वेगावर पोसलेली होती. समोरचा जितका जोरानें मारील तितका याचा परतीचा फटका जोरदार. अ‍ॅश स्वतः जोरानें मारणारांपैकीं एक. म्हणजे पुढचा निकाल उघड दिसत होता. त्या दिवशीं अ‍ॅशनें स्वतःचा खेळच बाजूस ठेवला. कॉनर्सच्या दोन हातांच्या बॅकहँडपासून दूर पळणारी तिरकी सर्व्हिस, त्याच्या फोरहँडकडे सोडलेले खालचे, मऊ, निर्जीव चेंडू, आणि तो पुढें आला कीं डोक्यावरून लॉब. ज्याला वेगाची भूक त्याला वेगाचा घांसच मिळूं द्यावयाचा नाहीं. पहिले दोन सेट ६-१, ६-१. एका प्रेक्षकानें कॉनर्सला हाक मारून हुरूप दिला, तेव्हां प्रयत्नच करतों आहें अशा अर्थाचें चिरडीला आलेलें उत्तर त्यानें परत फेंकलें. येथें मात्र बोलपटाचा उपयोग झाला.

या सामन्याचे वेंचे आम्ही अनेक पाहिले आहेत, आणि एकही आम्हांस पसंत पडलेला नाहीं. कारण उघड आहे. वेंचे काढणारा डोळे दिपविणारे फटके शोधतो, आणि या सामन्याचें मर्म आहे तें कॉनर्सनें जाळ्यांत मारलेल्या चेंडूंत! तो एकेक चेंडू पाहतांना चूक कॉनर्सची वाटते. वीस चेंडू पाहिल्यावर कळतें कीं ती चूक अ‍ॅशनें घडविलेली आहे. तिसरा सेट कॉनर्सनें ७-५ असा ओढून घेतला, चौथ्यांत तो ३-० असा पुढेंही गेला. अशा वेळीं मनुष्य आपल्या जुन्या संवयीकडे धांवतो. अ‍ॅश धांवला नाहीं; त्यानें तींच औषधें, त्याच मात्रेनें चालूं ठेवलीं, व सेट ६-४ असा घेतला. बाजू बदलतांना खेळाडूंस बसावयास खुर्च्या देण्याची प्रथा विंबल्डनवर त्याच वर्षीं सुरूं झाली होती. त्या खुर्चींत अ‍ॅश डोळे मिटून बसलेला दिसतो. संकलक हीं दृश्यें हटकून गाळतो. आम्हांस विचाराल तर सबंध चित्रांत त्यांच्याइतकें महत्त्वाचें दुसरें कांहीं नाहीं.

केन रोजवॉलविषयीं दोनच शब्द. १९५४ सालीं, एकोणीस वर्षांचा असतां, तो विंबल्डनचा अंतिम सामना हरला. १९७४ सालीं, एकोणचाळीसाव्या वर्षीं, पुन्हां अंतिम सामना हरला. मधल्या दोन्हीही हरला. तें विजेतेपद त्यास कधींच मिळालें नाहीं. पण या वीस वर्षांचीं चित्रें ओळीनें लावून त्याचा बॅकहँड तेवढा पाहावा. केंस विरळ होतात, धांव आंखडते. तो फटका मात्र तोच. १९७२ सालीं डॅलस येथें लेव्हरविरुद्ध पांचव्या सेटच्या टायब्रेकमध्यें तो ४-५ असा मागें होता आणि दोन सर्व्हिस लेव्हरच्या होत्या. त्या दोन्ही त्यानें याच बॅकहँडनें परतवून गुण घेतले. हें पाहण्याचा आनंद पूर्वींच्या कोणत्याही पिढीस नव्हता, एवढें यंत्राचें ऋण मान्य केलेंच पाहिजे.

आतां स्मरणरंजनाविषयीं. जुन्या चित्रांस मागाहून गोड वाद्यसंगीत जोडून, पांढरे स्वच्छ कपडे व अदबीचीं हस्तांदोलनें दाखवून, 'तो सभ्यांचा काळ गेला' असा सूर आळविण्याची एक रीत पडली आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. १९३७ सालच्या डेव्हिस कप सामन्यांत डोनाल्ड बजनें पांचव्या सेटमध्यें १-४ अशा पिछाडीवरून जर्मनीच्या फॉन क्रामला हरविलें, आणि फॉन क्राम हंसतमुखानें त्याचें अभिनंदन करतो. पुढल्याच वर्षीं त्याच्याच देशांतील नाझी सरकारनें त्याला तुरुंगांत घातलें. अ‍ॅल्थिया गिब्सन १९५७ सालीं विंबल्डनची विजेती झाली व राणीच्या हस्तें तिनें बक्षीस घेतलें. पण तिच्या स्वतःच्या देशांतील राष्ट्रीय स्पर्धेचें दार काळ्या वर्णाच्या खेळाडूस उघडलें तें तिच्या रूपानें १९५० सालीं. १९६८ पर्यंत 'हौशी' म्हणविणारांस पैसे गुपचूप पोंचत, हें तर सर्वविश्रुत आहे. पांढऱ्या कपड्यांवर काळाचे डाग दिसत नाहींत, एवढाच त्या चित्रांचा अर्थ.

आणि कॅमेरा कोणाकडे वळला, हाही प्रश्न आहेच. रामनाथन कृष्णन १९६० व १९६१ या दोन्ही वर्षीं विंबल्डनच्या उपान्त्य फेरींत पोंचला. १९६६ सालीं कलकत्त्यास ब्राझीलच्या कॉखविरुद्ध चौथ्या सेटमध्यें २-५ असा मागें असतां त्यानें सामना फिरविला, आणि भारत प्रथमच डेव्हिस कपच्या अंतिम लढतीस गेला. मनगटाच्या नुसत्या वळणानें चेंडू हवा तेथें ठेवणारा हा खेळाडू; परंतु रोजवॉलचीं वीस वर्षें जशीं ओळीनें लावतां येतात तशीं याचीं लावूं म्हटलें तर आमच्या हातीं तुकडेच लागतात. घौस महंमद १९३९ सालीं विंबल्डनच्या उपउपान्त्य फेरींत पोंचलेला पहिला भारतीय. त्याच्याविषयीं आम्ही वाचलें आहे, पाहिलें नाहीं.

मराठी वाचकांस याहून जवळचें एक नांव आहे. पुण्यांत जन्मलेल्या, शंकर पांडुरंग पंडितांच्या कन्या व संस्कृत कवयित्री पंडिता क्षमाबाई राव स्वतः टेनिस उत्तम खेळत. त्यांची मुलगी लीला राव १९३४ सालीं विंबल्डनवर पहिल्या फेरींतला सामना जिंकली. तेथें सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. दुसऱ्या फेरींत ती हरली. पुढें तिनें नृत्यशास्त्रावर लिहिलें, आईच्या कथांवरून संस्कृत नाटकें रचलीं. तिचा फोरहँड कसा होता, ती जाळ्याकडे जाई कीं मागें राहून खेळे, सर्व्हिसच्या वेळीं चेंडू किती उंच फेंकी, हें पाहावयास मिळावें म्हणून आम्ही कानच्या त्या आठ वर्षें आधींच्या झिजलेल्या फितीचे चार तुकडे आनंदानें देऊन टाकूं.